धुऱ्यावरच्या बाभळीचं 'विष'

नागपूरकडच्या खेड्यांत अजून ऐकू येतं: धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, बाभूळ मातीत विष सोडते, म्हणून जवळची पऱ्हाटी (कपाशी) खुरटते. झाडं रसायनं सोडतात, हे खोटं नाही. अक्रोडाचं जुग्लोन हे रसायन प्रसिद्धच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये या प्रकाराला ॲलेलोपथी असं नावही दिलं. पण प्रयोगशाळेत पाल्याचा दाट अर्क बशीतल्या बियांवर ओतणं वेगळं, शेत वेगळं. शेतात ही रसायनं मातीला चिकटतात, जिवाणू ती मोडतात. पीक खुरटतं ते बहुतेकदा सावलीनं आणि पाणी ओढणाऱ्या मुळांनी. मधे चर खणून मुळं तोडा. पऱ्हाटी सुधारली, तर भांडण बहुधा पाण्याचंच. शेजारच्या छत्तीसगडात तर धानाच्या बांध्यांत बाभळी पिढ्यानपिढ्या उभ्या आहेत.