अँटिबायोटिक अ‍ॅलर्जीसाठी आयजीई रक्ततपासणी

एखाद्या अँटिबायोटिकची, बहुतेक वेळा पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधाची, अ‍ॅलर्जी आहे का हे बघायला रक्तात त्या औषधाविरुद्धच्या आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन घडवणाऱ्या, अँटिबॉडी मोजतात, तीच ही स्पेसिफिक आयजीई टेस्ट. अजून बरेच जण तिला रास्ट म्हणतात. रास्ट ही १९६७ मधली स्वीडनची पद्धत, त्यात किरणोत्सारी पदार्थ लागायचा, आता काम फ्लुरोसन्सवर, म्हणजे चमकणाऱ्या रसायनावर, चालतं पण जुनं नाव काही सुटलं नाही.

गंमत म्हणजे पेनिसिलिनचा रेणू इतका छोटा असतो की नुसता असेल तर इम्युन सिस्टिम त्याची दखलच घेत नाही. त्याच्यातलं बीटा-लॅक्टम रिंग नावाचं कडं उघडतं, मग तो शरीरातल्या प्रोटीनला चिकटतो आणि अँटिबॉडी तयार होतात त्या ह्या जोडगोळीविरुद्ध. त्यामुळे लॅबमध्येही नुसतं औषध घेऊन भागत नाही, पेनिसिलॉइल किंवा अमॉक्सिसिलॉइल असं चिकटलेलं रूपच वापरावं लागतं, त्यावर पेशंटचं सीरम (रक्तातला पेशी काढून उरलेला द्रव) सोडतात आणि किती आयजीई धरली गेली ते मोजतात. लिटरमागे ०.३५ किलोयुनिटच्या वर आकडा गेला की साधारण पॉझिटिव्ह.

आता खरी अडचण. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे अ‍ॅलर्जी नाही असं अजिबात नाही, खरी अ‍ॅलर्जी असलेले बरेच पेशंट हिच्यातून निसटतात. एक तर ह्या अँटिबॉडी वर्षागणिक ओसरतात, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या सुमारे ८० टक्के लोकांची १० वर्षांत निघूनही जाते. दुसरं, ही टेस्ट फक्त तासाभरात उठणाऱ्या पित्ताच्या गांधी, सूज, अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी) असल्या रिअ‍ॅक्शनपुरती, चार दिवसांनी येणारं पुरळ टी-सेल ह्या पांढऱ्या पेशींमुळे येतं, तिथे आयजीई मोजून हाती काही लागत नाही. व्हॅन्कोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक शिरेतून भराभर दिल्यावर अंग लाल होतं तेही बहुतेक वेळा आयजीईशिवायच. शिवाय तयार टेस्ट मोजक्याच, मुख्यतः पेनिसिलिन आणि सेफॅक्लोर ह्या अँटिबायोटिकसाठी. आणि ज्याची एकूण आयजीईच खूप जास्त, त्याला उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

मग करतात कशाला? कारण धोका फक्त सुई टोचण्याएवढाच आणि अँटिहिस्टामिन चालू असलं तरी रिझल्ट बिघडत नाही, स्किन टेस्टला (त्वचेत औषध टोचून बघतात ती) मात्र ते आधी बंद करावं लागतं. आधी जबरदस्त रिअ‍ॅक्शन आलेल्या माणसाला स्किन टेस्टपूर्वी ही करून घेतात, पॉझिटिव्ह आली तर स्किन टेस्टचा धोका टळतो. निगेटिव्ह आली तर मात्र स्किन टेस्ट आणि शेवटी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधाचा प्रत्यक्ष डोस, निकाल तिथेच लागतो.