बॉक (बेसबॉल)

बेसवर (धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या ठरलेल्या टप्प्यावर) धावपटू उभा असताना पिचरने, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याने, नियम मोडून केलेली हालचाल म्हणजे बॉक. पंचाने बॉक दिला की प्रत्येक धावपटूला एक बेस बक्षीस. तिसऱ्या बेसवर कोणी असेल तर फलंदाजी करणाऱ्या संघाला धाव फुकट मिळते. बेस रिकामे असतील तर बॉकचा प्रश्नच येत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या वाचकाची नजर क्रिकेटला सरावलेली असते, म्हणून तो इथे हमखास चकतो. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर नॉन-स्ट्रायकर आधीच क्रीझ सोडून सरकला, तर गोलंदाज चेंडू न टाकता बेल्स उडवू शकतो. १९४७ साली सिडनीत विनू मंकड यांनी बिल ब्राउनला असेच धावबाद केले होते. बेसबॉलमध्ये बेस सोडून चार पावले पुढे उभे राहणे हा धावपटूचा हक्कच आहे. पिचरने बेसकडे चेंडू फेकून त्याला खुशाल बाद करावे, पण फलंदाजाकडे चेंडू टाकायची क्रिया एकदा सुरू केली की ती अर्ध्यावर सोडायची नाही.

सगळा खेळ पायाचा. पिचर २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद रबरी पट्टीला एक पाय टेकवून उभा असतो; उजव्या हाताच्या पिचरचा तो उजवा पाय. हा पाय पट्टीच्या मागे काढला की तो साधा क्षेत्ररक्षक झाला, मग हवी तेवढी हूल द्यावी. पाय पट्टीवर असताना मात्र पहिल्या बेसकडे फेकायचे तर त्याच दिशेने पाऊल पडले पाहिजे आणि चेंडूही सुटला पाहिजे. दुसऱ्या बेसकडे नुसती हूल चालते. तिसऱ्याकडेही चालायची, मेजर लीगने (अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक स्पर्धेने) ती २०१३ पासून बंद केली.

खरी गंमत डावखुऱ्याची. त्याचे तोंड पहिल्या बेसकडेच असते. उजवा पाय उचलून तो क्षणभर धरतो. तो होमकडे (फलंदाजाच्या जागेकडे) पडणार की बेसकडे, हे धावपटूला शेवटपर्यंत उमगत नाही. हे सगळे नियमात बसते. पण तो पाय पट्टीच्या मागच्या कडेपलीकडे गेला, तर फलंदाजाकडेच टाकावे लागते, किंवा दुसऱ्या बेसवरच्या धावपटूसाठी तिकडे फेकता येते.

धावपटू असताना दोन्ही हात समोर जुळवून पिचरने पूर्ण थांबायचे असते. हे थांबणे स्पष्ट दिसलेच पाहिजे, असा आग्रह मेजर लीगने १९८८ साली धरला आणि आदल्या हंगामातले ३५६ बॉक ९२४ वर गेले. त्यात एकट्या डेव्ह स्ट्युअर्ट या पिचरचे १६. पुढच्या वर्षी ती शब्दरचना मागे घेतली, ते बरेच झाले. २०२३ पासून एका फलंदाजासमोर पट्टी सोडण्याची किंवा बेसकडे फेकण्याची मुभा दोनदाच आहे. तिसऱ्यांदा फेकून धावपटू बाद झाला नाही तर बॉक.

पट्टीवर उभे असताना चेंडू हातातून निसटला तरी बॉकच, मग फसवायचा हेतू असो वा नसो.

सॉफ्टबॉल खेळून आलेल्या मुलांना हे सारे नवे वाटते. तिथे चेंडू हातातून सुटेपर्यंत धावपटूला बेस सोडताच येत नाही, त्यामुळे त्याला हूल देण्याची वेळच येत नाही.