दाखला राज्याचा, कायदा केंद्राचा

अमेरिकेत दूषित जमीन मालकाने आपणहून साफ केली की राज्य सरकार पत्र देतं: आता आमची काही हरकत नाही. या 'आमची'त नेमकं कोण कोण येतं, हाच खरा वाद.

सुरुवात लव्ह कॅनॉलपासून. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात हूकर कंपनीने पुरलेल्या रासायनिक कचऱ्याशेजारी वस्ती वाढली आणि १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली. पाठोपाठ डिसेंबर १९८० मध्ये 'सुपरफंड' कायदा आला. तो भलताच कडक होता. चूक कोणाची हे न पाहता, जुन्या काळातल्या प्रदूषणासाठीही, तो जमिनीच्या आजच्या मालकाकडून सगळा खर्च मागू शकतो. मग बंद कारखान्यांच्या जागा घेणार कोण? शहरांच्या मधोमध त्या ओस पडल्या.

म्हणून राज्यांनी ऐच्छिक सफाईच्या योजना काढल्या. मिनेसोटा यात आघाडीवर होतं. पेनसिल्व्हेनिया, टेक्ससने १९९५ मध्ये कायदे केले. पण राज्य फक्त स्वतःचा हक्क सोडू शकतं, केंद्राचा नाही. २००२ च्या दुरुस्तीने केंद्राने थोडे हात आखडले: राज्याच्या योजनेखाली सफाई चालू असलेल्या पात्र जागेवर ईपीएने (केंद्राच्या पर्यावरण संस्थेने) सहसा कारवाई करायची नाही. 'सहसा' महत्त्वाचं. प्रदूषण राज्याच्या सीमेपार गेलं, आरोग्याला तातडीचा धोका दिसला किंवा राज्यानेच मदत मागितली, तर ईपीएला दार उघडं. शिवाय खासगी दाव्यांना ही सवलत लागूच नाही.

खर्चाची वाटणी हा आणखी चिघळलेला भाग. टेक्ससमध्ये एव्हिऑल कंपनीने राज्याच्या देखरेखीखाली सफाई केली आणि आधीचा मालक कूपरकडे वाटा मागितला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तुमच्यावर सुपरफंडखाली दावाच झालेला नाही, तर त्यातल्या वाटा मागण्याच्या कलमाने काही मिळणार नाही. म्हणजे नोटिशीची वाट न पाहता काम करणाराच अडचणीत! २००७ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या कलमाखाली खर्चवसुलीची वाट मोकळी केली. त्याआधी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉन एडिसन या वीज कंपनीच्या प्रकरणात अपील न्यायालयाने म्हटलं होतं की ऐच्छिक सफाईच्या करारातून फक्त राज्याच्या कायद्याखालची जबाबदारी मिटते.

२०२१ मध्ये गुआम या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरच्या ऑर्डोट कचराभूमीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तोच धागा पुढे नेला: वाटा मागायचा तर करारात सुपरफंडचीच जबाबदारी मिटलेली हवी. गुआमचा केंद्राशी झालेला २००४ चा करार जलप्रदूषण कायद्याखालचा होता, त्यामुळे सफाईच्या खर्चात केंद्राकडून वाटा मागणाऱ्या गुआमच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत सुरूच झाली नव्हती. करारातली उणीवच गुआमच्या पथ्यावर पडली.