आभासी सूक्ष्मदर्शन (ऊतकविज्ञानाच्या अध्यापनातील)

काचपट्टीवरील ऊतकाचा (एकसारख्या पेशींच्या समूहाचा) संपूर्ण छेद, म्हणजे पातळ काप, अंकीय स्वरूपात टिपून तो संगणकाच्या पडद्यावर सरकवत, लहानमोठा करत अभ्यासण्याची पद्धती. वैद्यक, दंतवैद्यक, पशुवैद्यक आणि जीववैद्यक शाखांत ऊतकविज्ञान शिकवण्यासाठी ती वापरतात. सूक्ष्मछायाचित्रांचा संग्रह हिच्यात मोडत नाही. छायाचित्रात काय पाहायचे हे शिक्षकाने आधीच निवडलेले असते. येथे ते विद्यार्थ्याला शोधावे लागते, आणि ऊतक ओळखायला माणूस शिकतो तो या शोधण्यातूनच.

उगम : पद्धतीचा आरंभ केव्हा मानावा याविषयी एकमत नाही. अमेरिकी विकृतिवैज्ञानिक रॉनल्ड वाइनस्टीन यांनी १९८६ मध्ये ‘टेलिपॅथॉलॉजी’ (दूरवरून ऊतकांचे नमुने पाहून रोगनिदान करणे) ही संज्ञा प्रचारात आणली. त्याच सुमारास दूरवरून यंत्रचलित सूक्ष्मदर्शक हाताळण्याचे प्रयोग झाले. काही लेखक आरंभ तेथेच धरतात. मात्र त्या व्यवस्थेत खरी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखालीच असे व एका वेळी एकालाच ती सरकवता येई. वर्गभर विद्यार्थ्यांनी एकच छेद आपापल्या गतीने पाहणे तिच्यात शक्य नव्हते. १९९० च्या दशकात संपूर्ण काचपट्टी टिपणारी यंत्रे तयार होऊ लागली. १९९७ मध्ये मेरिलँड व जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील संशोधकांनी ‘व्हर्च्युअल मायक्रोस्कोप’ नावाची संगणकप्रणाली मांडली, तर वेगवान स्वयंचलित टिपणीचे श्रेय बहुधा वेट्झेल व गिल्बर्टसन यांच्या १९९९ च्या सुमाराच्या यंत्रणेला दिले जाते. अध्यापनापुरते पाहता, २००० च्या आसपास अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात आभासी काचपट्ट्या नियमित प्रात्यक्षिकांत आल्या, तो टप्पा अधिक ग्राह्य वाटतो.

तंत्र : ४० पट वस्तुभिंगाने (नमुन्याजवळच्या भिंगाने) टिपताना एक पिक्सेल साधारणतः ०.२५ मायक्रोमीटर एवढा असतो. १५ मिमी. बाजूच्या चौरस छेदाला त्यामुळे प्रत्येक दिशेने ६०,००० म्हणजे एकूण ३६० कोटी पिक्सेल लागतात; प्रत्येकी तीन बाइट धरल्यास संपीडनापूर्वी १,०८० कोटी बाइट. एवढी प्रतिमा एकदम उघडणे व्यवहार्य नसल्याने ती पिरॅमिडसारखी साठवतात : तळाच्या थरात पूर्ण तपशील, वरच्या प्रत्येक थरात तोच छेद कमी विभेदनाने (कमी बारकाव्याने), आणि प्रत्येक थर लहान चौकोनी तुकड्यांत विभागलेला. पडद्यावर दिसणाऱ्या भागाचेच तुकडे मागवले जातात. त्यामुळे साध्या संगणकावरही काम चालते.

खरी अडचण खोलीची आहे. नेहमीचा छेद सुमारे ४ ते ६ मायक्रोमीटर जाड असतो, तर ४० पट वस्तुभिंगाखाली एका वेळी साधारण एकच मायक्रोमीटर स्पष्ट दिसतो. यंत्राने निवडलेले प्रतल (स्पष्ट दिसणारी खोलीची पातळी) चुकले, तर विद्यार्थ्याला ते सूक्ष्म पेच फिरवून सुधारता येत नाही. एकावर एक अनेक प्रतले टिपता येतात. पण धारिका (संगणकातील फाइल) तितक्या पटींनी वाढते. गॉल्जी पद्धतीने (चांदीच्या क्षारांनी मोजक्याच चेतापेशी गडद करणाऱ्या) अभिरंजित केलेल्या जाड छेदांतील चेतापेशींच्या शाखा पाहताना ही उणीव विशेष जाणवते. तैलनिमज्जन भिंगाखालील (तेलाच्या थेंबातून पाहायच्या अधिक शक्तीच्या भिंगाखालील) रक्तपेशींचा तपशीलही २० किंवा ४० पट टिपणीत पुरेसा मिळत नाही.

उपयोग : सर्वांसमोर एकच उत्तम छेद येतो, दुर्मिळ नमुना फुटत वा फिका पडत नाही, आणि शिक्षकाला नेमक्या पेशीवर खूण करता येते. परीक्षेतील गुणांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा कल दोन्ही पद्धती तुल्यबळ किंवा आभासी किंचित सरस असल्याकडे आहे. प्रकाश जुळवणे, भिंग बदलणे ही हातांची कौशल्ये त्या गुणांत मोजली जातातच असे नाही, म्हणून काही तास तरी खऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी राखणे योग्य ठरते.

भारत : २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात एपिथेलियम (शरीराचे पृष्ठभाग व पोकळ्या झाकणारे ऊतक) सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येणे अपेक्षित आहे. हिमॅटॉक्सिलीन व इओसीन या छेद रंगवण्याच्या नेहमीच्या रंजकांच्या रंगांशी जुळणाऱ्या जांभळ्या-गुलाबी पेन्सिलींनी वहीत आकृती काढण्याची रीत प्रचलित असून पडद्यावरील छेद पाहूनही ती पाळता येते.