सामान्य अभियांत्रिकी शिक्षणक्रम

सामान्य अभियांत्रिकी शिक्षणक्रम : अभियांत्रिकीच्या पदवी शिक्षणातील, स्थापत्य, यंत्र, विद्युत, रासायनिक अशा सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना समाईक असणारा विषयसमूह. गणित, भौतिकी, रसायनशास्त्र, अनुप्रयुक्त यामिकी, आरेखन, कार्यशाळा, मूलभूत विद्युत अभियांत्रिकी व संगणक आज्ञावली हे त्याचे नेहमीचे घटक होत. बहुतेक विद्यापीठांत तो पहिल्या वर्षापुरता असतो आणि मग शाखा सुरू होते. काही ठिकाणी मात्र शाखाभेद उशिरा येतो किंवा येतच नाही. केंब्रिजला पहिली दोन वर्षे सर्वांना एकच अभ्यास असतो. ऑक्सफर्डच्या अभियांत्रिकी विज्ञान विभागातही (स्थापना १९०८) साधारण तीच रीत आहे. अमेरिकेतील हार्वी मड महाविद्यालय (स्थापना १९५५) तर अभियांत्रिकीची पदवीच शाखेविना देते. प्रस्तुत नोंदीत ‘सामान्य’ हा शब्द या दोन्ही अर्थांनी घेतला आहे.

उगम : या शिक्षणक्रमाचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. पॅरिसची पूल व रस्ते शाळा (१७४७), मेझिएर येथील लष्करी अभियंत्यांची शाळा (१७४८ च्या सुमारास) आणि फ्रायबर्गची खाण अकादमी (१७६५) यांपैकी एकीला मान देणारे अभ्यासक असे दाखवतात, की गणित, आरेखन आणि प्रत्यक्ष काम ही तिन्ही एका छपराखाली येथेच आली. हे खरे असले तरी यांतील प्रत्येक संस्था एकेका सेवेसाठी माणसे तयार करीत होती. आधी सर्वांना समान पाया आणि त्यानंतर निरनिराळ्या व्यवसायांच्या शाळा, ही विभागणी १७९४ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या एकोल पॉलितेक्निकमध्ये स्पष्ट दिसते. तेथून बाहेर पडलेला विद्यार्थी पूल व रस्ते, खाणी किंवा तोफखाना यांच्या उपयोजन शाळेत जाई. म्हणून १७९४ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. तथापि ती कोरी सुरुवात नव्हती. गास्पार माँज हा तिच्या संस्थापकांपैकी एक गणिती मेझिएरला शिकवीत असे आणि तेथील अध्यापनाचा बराच भाग त्याच्याबरोबर पॅरिसला आला.

हा वारसा पुढे माणसांबरोबर पसरला. पॉलितेक्निकमध्ये शिकलेला क्लोद क्रोझे १८१६ च्या सुमारास अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत आला व माँजची वर्णनात्मक भूमिती (घन वस्तू कागदावर रेषांनी दाखवण्याची रीत) शिकवू लागला. जर्मनीतील कार्ल्सरूए येथील, याच नमुन्यावरची तंत्रशिक्षण संस्था १८२५ ची. इंग्लंडमध्ये उमेदवारी करून काम शिकण्याची परंपरा बळकट असल्याने विद्यापीठांनी हा विषय सावकाश स्वीकारला. केंब्रिजला यांत्रिक विज्ञानांची पदवी परीक्षा प्रथम १८९४ मध्ये झाली.

आरेखन : शिक्षणक्रमातील सर्वांत जुना आणि सर्वांत स्वतंत्र घटक हाच. माँजची वर्णनात्मक भूमिती तटबंदीच्या एका प्रश्नातून निघाली. शत्रूच्या माऱ्यापासून आतला भाग झाकला जावा यासाठी भिंत किती उंच हवी, हे काढायला तोवर लांबलचक अंकगणित करावे लागे; माँजने ते कागदावरील रेषांनी सोडवले. ही रीत काही काळ लष्करी गुपित म्हणून राखली गेली आणि १७९५ मधील व्याख्यानांतून ती खुली झाली.

तिचे मर्म असे : एक क्षैतिज व एक उभे अशी दोन प्रतले एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यामुळे अवकाशाचे चार चतुर्थांश होतात. वस्तूचे प्रक्षेप दोन्ही प्रतलांवर काढून क्षैतिज प्रतल छेदरेषेभोवती फिरवून उभ्या प्रतलाशी सपाट केले, की दोन्ही दृश्ये एका कागदावर येतात. वस्तू पहिल्या चतुर्थांशात, म्हणजे क्षैतिज प्रतलाच्या वर व उभ्या प्रतलाच्या पुढे असेल, तर वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याखाली पडते. ती तिसऱ्यात असेल तर ते वर जाते. दुसऱ्या व चौथ्या चतुर्थांशांत दोन्ही दृश्ये छेदरेषेच्या एकाच बाजूला येऊन एकमेकांवर चढतात, म्हणून या रीती व्यवहारात नाहीत. उरलेल्या दोन्ही रीती आजही चालतात. युरोपात पहिल्या कोनाची (पहिल्या चतुर्थांशाची) रूढ आहे, अमेरिकेत तिसऱ्या. रीत न कळवता दिलेले आरेख उलट वाचले जाऊन वस्तूच्या बाजूंची अदलाबदल होऊ शकते. त्यासाठी छिन्न (टोक कापलेल्या) शंकूचे चिन्ह आरेखावर देण्याचा संकेत आहे. विद्यार्थ्याने या चिन्हाकडे आधी पाहावे, हा आग्रह क्षुल्लक समजू नये.

सममितीय (आयसोमेट्रिक) आरेखनाला, म्हणजे वस्तूच्या तिन्ही बाजू एकाच चित्रात दाखवण्याच्या रीतीला, पद्धतशीर रूप केंब्रिजच्या विल्यम फॅरिशने १८२२ मध्ये दिले. तो व्याख्यानांसाठी सुट्या भागांतून यंत्रांच्या प्रतिकृती जोडवून घेई, आणि साहाय्यकांना जोडणी समजावी म्हणून त्याला अशी चित्रे लागत. या रीतीत तिन्ही अक्षांवरील लांबी सारख्याच प्रमाणात, सुमारे ०·८१६ पटीने, आखूड दिसते.

यामिकी आणि विषयांचा क्रम : पहिल्या वर्षाचे विषय सुट्या पेपरांसारखे शिकवले जातात, पण त्यांना एका ओळीत बांधणारा धागा आहे आणि तो स्थितिकीत, म्हणजे स्थिर वस्तूंवरील प्रेरणांच्या अभ्यासात, सर्वांत स्पष्ट दिसतो. वस्तू तिच्या आधारांपासून मनाने सोडवून तिच्यावरील सर्व प्रेरणा दाखवणारी आकृती, म्हणजे ‘फ्री बॉडी डायग्रॅम’, हे येथील मुख्य साधन. प्रतलातील स्थिर वस्तूसाठी समतोलाची तीन समीकरणे मिळतात, अवकाशात सहा. एका टोकाला बिजागरी व दुसऱ्याला रूळ असलेल्या तुळईवर तीन अज्ञात प्रतिक्रिया असतात, म्हणून गणित सुटते. मध्ये आणखी एक आधार दिला, की चौथी अज्ञात राशी येते आणि स्थितिकी थांबते. तुळई किती वाकते हे कळल्याखेरीज पुढे जाता येत नाही. वाकणे पदार्थाच्या स्थितिस्थापकतेवर अवलंबून असल्याने पदार्थांच्या बलाचा अभ्यास लागतो. वाकाचे समीकरण अवकल समीकरण असल्याने कलन (कॅल्क्युलस) लागते. पॅरिसच्या पूल व रस्ते शाळेत आंरी नाव्हियेने दिलेली आणि १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेली व्याख्याने या दुव्याचा पहिला भक्कम टप्पा मानली जातात. हा क्रम विद्यार्थ्याला आरंभीच दाखवला, तर गणिताचा पेपर शाखेशी असंबद्ध वाटत नाही.

कार्यशाळा व विज्ञान : सुतारकाम, लोहारकाम, ओतकाम, जोडारीकाम व कातकाम यांना अभ्यासक्रमात निश्चित पायऱ्या देण्याचे श्रेय मॉस्कोच्या शाही तांत्रिक विद्यालयाला व तेथील व्हिक्टर डेला-व्होस याला देतात. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ही पद्धत पाहून मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या जॉन रंकलने ती आपल्याकडे आणली. विसाव्या शतकाच्या मध्यास पारडे विज्ञानाकडे झुकले. अमेरिकेतील अभियांत्रिकी शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ग्रिंटर समितीच्या १९५५ च्या अहवालाने सहा अभियांत्रिकी विज्ञाने पायाभूत ठरवली : घन पदार्थांची यामिकी, द्रायुयामिकी (द्रव व वायू यांची यामिकी), ऊष्मागतिकी, उष्णता-वस्तुमान-संवेग यांचे संक्रमण, विद्युत सिद्धांत आणि पदार्थांचे स्वरूप व गुणधर्म. अनेक ठिकाणी कार्यशाळेचे तास यानंतर घटले. अहवालाचा हेतू उत्तम होता. हाताने घडवण्याच्या अनुभवाला मात्र त्याची किंमत मोजावी लागली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अलीकडे पहिल्याच वर्षी गटाने करावयाचा छोटा अभिकल्प (डिझाइन) प्रकल्प आणि आज्ञावली लेखन यांची भर पडली आहे. हातांनी करायचे आरेखन बऱ्याच अंशी संगणकावर गेले असले, तरी चतुर्थांशांचे नियम तेच आहेत. पदव्यांची परस्पर मान्यता १९८९ च्या वॉशिंग्टन कराराने सुरू झाली. त्यावर आरंभी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन व अमेरिका येथील मान्यता संस्थांनी सह्या केल्या. या करारात विषयांची यादी नाही. पदवीधराला काय करता आले पाहिजे हे पाहिले जाते.