नाशिकमधील वृक्षांचे डिजिटल नकाशीकरण

शहरातल्या झाडांची जागा अक्षांश-रेखांशांसह टिपून त्यांची जात, खोडाचा घेर, उंची, अंदाजे वय आणि प्रकृती भौगोलिक माहिती प्रणालीत (जीआयएस) साठवण्याची पद्धत. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. नकाशीकरण हे तिचेच आजचे रूप.

घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे 1.3 मी. वर टेपने मोजतात. दाट पर्णसंभाराखाली जीपीएसची जागा काही मीटर सरकते आणि रस्त्याकडेचे झाड नकाशात शेजारच्या आवारात जाऊन बसते. म्हणून उपग्रहचित्रावर ठेवून बिंदू तपासावे लागतात.

सर्वांत महत्त्वाचा रकाना वयाचा. या अधिनियमातील 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे व त्यावरील झाडांना प्राचीन वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावणे बंधनकारक झाले. वय मात्र घेरावरून व जातीच्या वाढीच्या वेगावरून काढलेला अंदाज असतो. सारख्याच घेराची चिंच गुलमोहरापेक्षा बरीच जुनी असू शकते, त्यामुळे जात चुकली की वयही चुकते.

वडाच्या बाबतीत तर एक बिंदू अपुराच पडतो. उंटवाडीचा सुमारे दोनशे वर्षांचा मानला जाणारा वड 2022 मध्ये उड्डाणपुलाच्या आराखड्यात सापडला, तेव्हा तो वाचवण्यासाठी नाशिककर पुढे आले. अशा झाडाचा पारंब्यांसह विस्तार बहुभुजाने आखलेला असेल, तरच रस्त्याची आखणी करणाऱ्याला त्याची खरी हद्द दिसते.

याच नकाशावर गोदावरी, नासर्डी, वाघाडी व वालदेवीची पात्रे आणि निळी (25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) व लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा यांचे थर चढवता येतात. काठावरची कोणती झाडे पुराच्या पट्ट्यात आहेत ते त्यातून कळते. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या 10 मी. विभेदनाच्या (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मी. बाजूचा चौकोन) चित्रांतून पांडवलेणीच्या डोंगरावरील किंवा गंगापूर धरणाकाठच्या हिरवाईतले बदल टिपता येतात. पण अशा चित्रांवरून काढलेल्या हिरवाईच्या निर्देशांकाला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) काय नि पळस काय, दोन्ही हिरवेच. जात ओळखायला माणूसच डोंगरावर जावा लागतो.

सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी (साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीसाठी) तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला 2025 च्या अखेरीस मोठा विरोध झाला. अशा वेळी नकाशा शेवटचा कधी अद्ययावत झाला, ही तारीख नागरिकांना दिसायलाच हवी. भरपाई म्हणून लावलेल्या रोपांचेही जिओटॅगिंग करून ती सात वर्षे जगवायची असतात.