हलणाऱ्या दोरीतलं पाणी

मानेच्या साध्या एमआरआयमध्ये मणके, त्यांच्यामधल्या चकत्या आणि मज्जारज्जूची पट्टी दिसते. पण त्या पट्टीतले तंतू शाबूत आहेत की झिजलेत, हे त्यावरून नीट कळत नाही. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, तरी फिल्म कधी कधी फारशी बिघडलेली नसते.

एमआरआयचाच एक प्रकार असलेला डिफ्युजन एमआरआय नजर ठेवतो ती तंतूंमधल्या पाण्यावर. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा रेणू 50 मिलिसेकंदांत एका दिशेत साधारण 17 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरकटतो. तंतूंची जाडी बहुतेक 1 ते 10 मायक्रॉन. म्हणजे तेवढ्या वेळात रेणू भिंतीवर आपटणारच. उसाच्या मोळीत पाणी ओता: लांबीच्या बाजूनं ते सरळ उतरतं, आडवं जायचं तर प्रत्येक कांडं वाट अडवतं. मशीन चुंबकीय क्षेत्राला क्षणभर उतार देतं, म्हणजे एका बाजूला जोर जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, आणि लगेच तो परिणाम पुसणारा दुसरा झटका देतं. जागच्या जागी राहिलेल्या रेणूंचा हिशेब मिटतो, हललेल्यांचा मिटत नाही आणि तिथला सिग्नल मंदावतो. ही युक्ती स्टेयस्कल आणि टॅनर या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडली. वेगवेगळ्या दिशांच्या मोजमापांवरून तंतूंचा कल काढण्याचं गणित 1994 मध्ये बासर, मॅटिएलो आणि ल बिहान यांनी दिलं.

मेंदूत हे जमलं, पण मज्जारज्जूनं चांगलंच दमवलं. मुळात ती करंगळीएवढी जाड. वर हृदयाच्या दर ठोक्याला तिच्याभोवतीचा मेरुद्रव वरखाली होतो आणि तीही मिलिमीटरच्या काही अंशानं सरकते. मायक्रॉन मोजायला बसलेल्याला हा भूकंपच! शिवाय हाड, चकती आणि फुप्फुसातली हवा यांचे चुंबकीय गुण वेगळे, त्यामुळे चित्र वेडंवाकडं ताणलं जातं. श्वासागणिक त्यात भर पडते.

म्हणून बोटाला नाडीचा सेन्सर लावतात आणि दोन ठोक्यांमधल्या शांत वेळातच मोजमाप घेतात. चित्राची चौकटही मज्जारज्जूपुरती आवळतात. 2021 मध्ये जाहीर झालेल्या एका कामात 42 केंद्रांनी समान पद्धत वापरून 260 जणांचे स्कॅन केले. त्यात चित्राचं एकेक घर, म्हणजे ज्याचं एकच मोजमाप मिळतं तो तुकडा, 0.9 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर उंच होतं. अशा एका घरात हजारो तंतू मावतात. त्यामुळे पाणी आडव्यापेक्षा लांबीच्या बाजूनं किती जास्त सरकतं याचा आकडा उतरला तर काहीतरी बिघडलंय एवढं समजतं. तंतू मेलेत, सुजलेत की त्यांचं वेष्टन गेलंय, हे तो एकटा सांगत नाही.